पितराचं ताट

खापरखेडा
१० जुलै २०२५

बाई,
पाया लागते.

फोनच केला असता, पण तुमच्या कानाले फोन म्हणजे भिंतीशी बोलणं. म्हणून पोस्टातून आंतरदेशीय आणले. तिथला बाबू म्हणे, काकू, हे आता कोण लिहिते? मी म्हटलं, ज्याची नणंद बहिरी अन् जिद्दी असते तो लिहिते. हसू नका, मुद्द्याचं सांगून राहिली.

तुमच्या भावाले शुगर निघाली हे तुमच्या भाच्यानं, अमोलनं सांगितलंच असन. प्लांटमधून रिटायर झाले अन् सगळं बिघडलं. ड्युटीवर चालणं तरी होत होतं, आता खुर्ची, टीव्ही अन् चिवड्याचा डबा. डॉक्टरीणबाईनं मले समोर बसवून समजावलं. अर्ध्या ताटात भाजी, पावभर जागेत वरण नाहीतर उसळ, बाकी जागेत भाकर. भात घ्यायचाच तं एक वाटी. साखर बंद, गूळ बंद. फळ खायचं तं पेरू नाहीतर जांभळं, अन् चावून खायचं, रस काढून प्यायचा नाही. तहान लागली तं पाणी.

मी त्या दिवसापासून घर पालटून टाकलं. साखरेचा डबा सूनबाईच्या, मिनलच्या कपाटात कुलपात आहे. फिक्या चहाले पहिले आठ दिवस तोंड वाकडं केलं, आता गुमान पितात. सकाळी मेथीदाण्याचं पाणी, संध्याकाळी कॉलनीच्या गेटपर्यंत चालणं.

पण बाई, आता धानाचा हंगाम लागला, दर आठवड्याले ते धान पाहाले कुहीले येतील. इथलं पथ्य मी सांभाळते, तिथलं तुम्ही सांभाळा. तुमच्या हातचं जेवण अन् त्यांची जीभ, दोन्ही मले माहीत आहे. हात जोडून सांगते, एक वाटी भाताच्या वर वाढू नका. गोड तं दाखवूही नका.

तुमची,
गोपिका


कुही
१९ जुलै २०२५

गोपिका,
सुखी राहा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून अन् एकदा राग उतरल्यावर.

माझ्या भावाले काय खाऊ घालावं हे आता तू मले शिकवशील काय वं? माय गेली तेव्हा शालिक रांगत होता. मी स्वतः परकर नेसत होती अन् त्याले कमरेवर घेऊन फिरत होती. भाताची पेज पाजून वाढवला त्याले. त्याच्या अंगात कुहीचा भात आहे, ज्वारी नाही. वाटीनं भात मोजणारी बाई मी आमच्या सात पिढ्यांत पाहिली नाही.

मंगळवारी तो आला अन् मी दारातच घाबरली. गालाची हाडं वर आली. सदरा खुंटीले टांगल्यासारखा अंगावर लटकून राहिला. पथ्य पाळून राहिली का उपास घडवून राहिली तू? माणूस रिटायर झाला म्हणजे त्याची भाकर कमी करतात हे मी ऐकून होती, आता पाहूनही घेतलं.

मी त्याले काही दिलं नाही. उगाच डोळे वटारू नको. चहा दिला, तो बी गुळाचा, साखरेचा दाणा नाही. गूळ तं उसाचा, घरचा, त्यानं काय होते? भात वाढला, पण जुना चिन्नोर होता, जुना भात पचाले हलका असते. अन् तहान किती लागते वं त्याले! तांब्यावर तांब्या रिकामा करते, तरी जीभ कोरडी. मले दया आली. लिंबाचं सरबत करून दिलं, दोन गिलास प्याला अन् लेकरासारखा तिसऱ्यासाठी गिलास पुढं केला. मंग मी मोठा गंज भरून करून ठेवलं. तिकडे पाणी बी मोजून देतं काय?

बहिणीच्या घरून भाऊ उपाशी गेला असं कुहीत झालं नाही, अन् मी जिती आहे तोवर होणार नाही.

पार्बताबाई


खापरखेडा
२ ऑगस्ट २०२५

बाई,
पाया लागते.

गूळ म्हणजे साखरच हो. रंग वेगळा, अंगात गेल्यावर दोघी बहिणी एक. अन् सरबतात काय तुम्ही मीठ टाकलं होतं? मी इथं भाकरीचे तुकडे मोजते अन् तुम्ही तिथं गंजभर सरबत पाजता. असं झालं तं आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते.

अन् उपास घडवते हे जे तुम्ही लिहिलं ते मले लागलं. लागलं म्हणून सांगून टाकते, मनात ठेवत नाही. ते वाळले नाहीत, सुटलेलं पोट उतरलं. पथ्याचा गुण आहे तो. बेल्टले नवीन भोक पाडून आणलं, पॅन्टी मिनलनं शिवून अरुंद केल्या. शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या, भाऊ तं नवरदेवासारखे दिसून राहिले. तेव्हापासून आरशासमोरून हलत नाहीत. मी दोन महिने चुलीपुढं डोकं लावलं त्याचं हे फळ आहे, तुम्ही त्याले उपास म्हणू नका.

तपासणीले मागच्या आठवड्यात एकटेच जाऊन आले. सगळं नॉर्मल आहे म्हणाले. कागद मागितला तं म्हणे बसमध्ये राहिला. जित्याची खोड, दुसरं काय. छत्री बी बसमध्येच राहते त्यांची.

तहान इथंही लागते, पण उकाडा किती आहे. पाणी पितात म्हणून रात्री तीनतीनदा उठतात, झोप होत नाही, मंग दिवसा पेंगतात. बाकी ठीक. पावसानं घरात मुंग्या लय झाल्या. बाथरूमच्या मोरीत तं रांगच लागलेली असते, रोज खडू ओढते अन् रोज नवीन येतात. तुमच्याकडे काही औषध असन तं सांगा.

गोपिका


कुही
२४ ऑगस्ट २०२५

गोपिका,
सुखी राहा.

पोळा झाला. शालिक आला होता, बैलायले पुरणपोळी चारली अन् मी त्याले बी एक दिली. एकच. तू लिहिलंस म्हणून मन मारलं. मुंग्यायले हळद टाक.

आता नीट वाच, अन् मिनललेही वाचून दाखव, शहरातल्या पोरीले हे माहीत नसते. पितृपक्षात दशमीले तुझ्या भाऊजींची तिथी येते. आपल्याकडे त्या दिवशी गेलेल्याच्या जागी त्याच्या वयाचा, ओळखीतला माणूस जेवाले बसवतात. दारात त्याचे पाय धुवायचे, कपाळाले गंध लावायचं, पाटावर बसवून ताट वाढायचं. तेवढ्या वेळ तो माणूस नसते, पितर असते. तो खाईन ते वर पोचते. म्हणून पितरानं ताटाले नाही म्हणायचं नसते. त्यानं हात आखडला तं गेलेला जीव उपाशी फिरते.

इतकी वर्षं ह्यांच्या जागी गल्लीतले हरिभाऊ बसत. ते आता अंथरुणाले खिळले. यंदा मी शालिकले बसवणार. मंगळवारी तो ओसरीत पाठमोरा बसला होता अन् माझ्या काळजात धस्स झालं. तशीच मान, तसेच खांदे. शेवटच्या वर्षी हे असेच दिसत होते.

त्या दिवसापुरतं तुझं पथ्य खुंटीले टांग. वाटीचं माप माझ्याकडे पाठवू नको. मेलेल्या माणसाच्या भुकेले माप नसते.

पार्बताबाई


खापरखेडा
३ सप्टेंबर २०२५

बाई,
पाया लागते.

तुमचं पत्र वाचून माझ्या अंगावर काटा आला. जित्या माणसाले असं कोणासारखा दिसते, तसा दिसते, लिहू नका हो. मी मिनलले वाचून दाखवाले बसली अन् तिथंच थांबली.

भाऊजींच्या नावाचं ताट आहे, मी कोण नाही म्हणणारी? त्यांनी माझ्या लग्नात वरातीपुढं कंदील धरला होता. एका दिवसानं काय होते, असं मनाले समजावून राहिली. पण खीर एकच वाटी. वडा एक. कढीभात थोडा. पितरानं ताटाले नाही म्हणू नये, पण वाढणारीनं तं हात आवरता येते ना? तुम्ही आवरा.

अजून एक. पावलं बधिर वाटतात म्हणे त्यांची, कापसावरून चालल्यासारखी. वयानं होते म्हणतात. डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, अनवाणी फिरू देऊ नका, पाय जपा. काहून ते मी विचारलं नाही. धानाच्या बांधीत जातील तेव्हा चप्पल पायात पाहिजे, एवढं पाहा.

दशमी झाली की दुसऱ्या दिवशी परत पाठवा.

गोपिका


कुही
१७ सप्टेंबर २०२५

गोपिका,
सुखी राहा, सौभाग्यवती राहा.

काल दशमी झाली. जे झालं ते तुले लिहिल्याशिवाय मले राहवत नाही.

सकाळी शालिक धान पाहाले गेला. चप्पल चिखलात रुतते म्हणून आल्या दिवसापासून धुऱ्यावरच सोडते. मी दारात पाट मांडून तयार होती. गरम पाण्याचा गंज, हळदकुंकू, सगळं. उजवा पाय धुतला. डावा हातात घेतला अन् बोटाले काही टोचलं. पाहते तं अंगठ्याच्या खाली बाभळीचा काटा! बोटाच्या पेराएवढा, पूर्ण आत गेलेला, बाहेर नुसतं बूड. भोवती रक्त वाळून काळं झालं होतं. अवं माय, कालपरवाचाच असन तो.

मी ओरडली, शालिक, काटा! तो म्हणे, कुठं? मी चिमट्यानं ओढला. आतून पाणी आलं, रक्त आलं. मी वर पाहिलं तं तो हसून राहिला. दुखते का रे? म्हणे, नाही वं बाई, काहीच नाही. पाण्याचं बी सांगते, हात घातला तं मलेच चटका बसला इतकं गरम होतं, अन् त्यानं पाय मागं घेतला नाही.

तू शालिकले ओळखतं. लहानपणी कुसळ गेलं तरी गल्ली डोक्यावर घ्यायचा. मी तिथंच ओल्या हातानं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. तो शालिक नव्हताच गोपिका. हे आले होते. मेलेल्याले काटा दुखत नाही.

मंग मी वाढलं. खीर, वडे, कढी, भजे, कोहळ्याची भाजी, चिन्नोर. तो खातच होता. खिरीचं पातेलं रिकामं झालं. इतक्या वर्षांत हरिभाऊनं कधी असं जेवण केलं नाही, हे असे तृप्त होऊन जेवताना मी पहिल्यांदा पाहिले. मले रडू आवरलं नाही.

ही गोष्ट गल्लीभर झाली. शोभाताई येऊन पाया पडली, म्हणे आमच्या सासऱ्याच्या तिथीले बी भाऊच पाहिजेत. अजून दोघींनी सांगून ठेवलं. आता सर्वपित्री अमावस्येपर्यंत तो इथंच राहीन, लोकायले नाही कसं म्हणू? पायाले हळद भरून चिंधी बांधली आहे. काळजी करू नको. असा मान कोणाच्या नवऱ्याले मिळते?

पार्बताबाई


खापरखेडा
२६ सप्टेंबर २०२५

बाई,

तुमचं पत्र आज पोचलं. तुमचा भाऊ त्याच्या चार दिवस आधी पोचला.

मोजे घालून आले होते. घरात वास येऊन राहिला होता. मी म्हटलं कपाटामागं उंदीर मेला, सगळी कपाटं सरकवली. शेवटी मिनलनं त्यांचा मोजा ओढला. मोजा निघाला नाही, चिकटला होता. अंगठा काळा पडला होता बाई. भाजून काढलेल्या वांग्यासारखा. अन् पावलाले वरपर्यंत फोड, तुमच्या त्या गरम पाण्याचे. ते म्हणतात, काही दुखत नाही, तुम्ही उगाच गाव गोळा करता.

नागपूरले नेलं. दवाखान्यात बोटातून रक्त काढलं तं मशीननं आकडाच दाखवला नाही, तिच्या मापाच्या पलीकडे गेली म्हणे शुगर. डॉक्टरनं विचारलं, शेवटची तपासणी कधी केली? तेव्हा निघालं. जुलैत ते तपासणीले गेलेच नव्हते. बसस्टँडवर बसून परत आले. रिपोर्ट खराब आला असता तं मी कुहीले जाणं बंद केलं असतं म्हणून.

डॉक्टरनं मले जे सांगितलं ते तसंच लिहिते. साखर रक्तात तुंबली होती अन् लघवीवाटे वाहून जात होती. शरीराले काही पोचत नव्हतं म्हणून ते आपलंच मांस खात होतं. त्यानं ते वाळले. तुम्ही म्हणत होत्या उपाशी आहे, म्हणून वाढत होत्या. मी म्हणत होती गुण आला, म्हणून पॅन्टी शिवत होती. मोरीतल्या मुंग्या मी खडूनं मारत होती!

अन् पायाच्या नसा मेल्या होत्या. भाऊजी आले नव्हते बाई. पाटावर तुमचा भाऊच होता. त्याचा पाय मेला होता, म्हणून काटा कळला नाही, पाणी कळलं नाही. तुम्ही त्या मेलेल्या पायाले नमस्कार केला अन् वरून खीर वाढली. घरोघर नेऊन खीर वाढली.

माझा राग आहे तुमच्यावर. खूप आहे. पण रागवाले बी आता वेळ नाही. दोन बोटं काढावी लागतील म्हणतात. लवकर काढली तं पाऊल वाचन, नाहीतर विष वर चढते. ते सही करत नाहीत.

गोपिका


नागपूर, दवाखान्यातून
३० सप्टेंबर २०२५

बाई,

हे पत्र अमोलच्या हाती देऊन राहिली.

काल सकाळी ते चहा पिऊन येतो म्हणून खाली गेले अन् परत आले नाहीत. ऑटोवाल्यानं सांगितलं, कुहीच्या बसपर्यंत सोडलं. ते तुमच्याकडेच आहेत. मले म्हणत होते, बाई मले कापू देणार नाही.

डॉक्टर म्हणतात आता बोटांवर भागत नाही, घोट्याचं पाहावं लागन, अन् अजून दोन दिवस गेले तं पायाचं नाही, जिवाचं बोला. ते माझं ऐकत नाहीत, अमोलचं ऐकत नाहीत. तुमच्या शब्दाबाहेर ते आयुष्यात गेले नाहीत.

बाई, जे काही मी त्या पत्रात लिहिलं ते विसरा. मी तुमच्या पाया पडते. माझा माणूस मले परत पाठवा.

गोपिका


कुही
२ ऑक्टोबर २०२५

गोपिका,

हे गाडीवाल्या मधुकररावच्या हातात देऊन राहिली, त्याच्याच गाडीत शालिक आहे. तुझ्याच हातात देजो म्हणून त्याले बजावलं. शालिकसमोर उघडू नको.

परवा अमोल आला तेव्हा मीच त्याले रिकामा परत पाठवला. तुले खरं सांगते. शालिकनं माझा पदर धरला होता. म्हणे, बाई, कापून टाकतील मले, तू आहे तोवर मले कोणी हात लावणार नाही. मले वाटलं, एक दिवस. कडुलिंबाचा पाला उकळून धुवू, उद्या पाहू. संध्याकाळी त्यानं भात मागितला. तुझं पत्र पोलक्यात होतं अन् मी भात वाढला. हे बी लिहून टाकते, म्हणजे तुले मी काय बाई आहे ते कळन.

आज सकाळी चिंधी सोडली. लाली नडगीपर्यंत चढली होती. अंग तव्यासारखं तापलं होतं. तो मले माय म्हणून हाक मारून राहिला होता, ओठांवरून कळलं मले. मायले तं त्यानं पाहिलंच नाही नीट. मंग मी उठली.

लाडानं सांगितलं असतं तं तो गेला नसता. मी लाड केले म्हणून तं तो इथं येऊन पडला. म्हणून मी दार सताड उघडलं अन् गल्ली ऐकन असं ओरडली. म्हटलं, ऊठ. तुझ्या पायाची घाण माझ्या घरात नको. माझ्या चुलीपुढं मले अन्न जात नाही. मरायचं असन तं तुझ्या बायकोच्या घरी मर. त्याले वाटलं मले भ्रम झाला. म्हणे, बाई, मी शालिक आहे वं. मी म्हटलं, कोणी बी अस, ऊठ.

उठला गोपिका. काठी टेकत स्वतः उठला. शोभाताई हात द्याले आली, तिले झटकलं. गाडीत बसला अन् मधुकररावले म्हणाला, चाल, कापू दे त्यायले जिथून पाहिजे तिथून, मले आता बहीण नाही. मधुकररावनं मले खुणेनं सांगितलं ते.

आता तू एक कर. त्याले खरं सांगू नको. शुद्धीवर आल्यावर तो कोणावर तरी चिडन, पाय कोणी घेतला म्हणून विचारन. माझं नाव सांग. तुझ्यावर राग धरला तं तुझ्या हातचं खाणार नाही, अन् त्याले आता जन्मभर तुझ्याच हातचं खायचं आहे. माझ्या हातचं खाल्लं नाही तरच तो जगन.

गाडीवाला घाई करून राहिला.

पार्बताबाई


खापरखेडा
२५ ऑक्टोबर २०२५

बाई,
पाया लागते. मनापासून लागते.

तुम्हाले अमोलनं चिठ्ठी पाठवली होती, ती मिळाली असन. पाय गुडघ्याच्या खालून गेला. घोट्यावर भागलं नाही, उशीर झाला होता. पण जीव राहिला. दिवाळीच्या आधी घरी आणलं.

आता सकाळसंध्याकाळ सुई असते, मी शिकून घेतली. दीड भाकर, पालेभाजी, मुगाची उसळ, मधल्या वेळेले भाजलेले चणे नाहीतर ताक. चहा फिका. काही मागत नाहीत. फराळाचं ताट कुसुमताईनं आणलं तं पाहिलंही नाही. आकडे खाली येऊन राहिले, अंगावर थोडं मांस धरून राहिलं. डॉक्टर म्हणतात असंच राहिलं पाहिजे.

परवा भाऊबीज झाली. दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसले. मिनलनं चुकून तुमचं नाव काढलं तं समोरचं ताट सरकवलं. म्हणे, त्या बाईनं मले कुत्र्यासारखं हाकललं. मी दाराआड जाऊन रडली. तुम्ही ज्याले कमरेवर वागवलं तो तुमच्याबद्दल असं बोलते, अन् मी ऐकून गप राहते. मले हे पोटात राहत नाही हो.

त्यांच्यावर अजून टांगती तलवार आहेच. दुसरं पाऊलही तसंच आहे. डॉक्टर बोट लावून विचारतात, कळते का? ते हव म्हणतात. मले वाटते खोटं बोलतात. मी रोज उजेडात तो पाय हातात घेऊन पाहते, बोटांच्या फटीही पाहते.

बाई, आता सांगू का त्यायले खरं? त्यायले तुम्ही पाहिजे आहात. अन् तुम्हाले ते.

गोपिका


कुही
२ नोव्हेंबर २०२५

गोपिका,
सुखी राहा.

सांगू नको.

खरं कळलं तं काठी घेऊन पुढच्या बसनं इथं येईन तो. ओसरीत बसन, बाई भूक लागली म्हणन, अन् मी वाढीन. किती बी पत्रं लिही तू, मी वाढीन. माझा मले भरवसा नाही.

धान कापून झालं. चिन्नोर यंदा विकून टाकला, घरात ठेवला नाही.

तो डॉक्टरले हव म्हणते तं त्याच्या हव वर जाऊ नको. लहानपणी ताप लपवाले बी असाच हव म्हणायचा. तू असं कर. त्याले डोळे मिटाले लाव, मंग पायाच्या एकेका बोटाले हळूच हात लाव अन् कोणतं बोट ते विचार. अंगठ्यापासून सुरू कर. बरोबर सांगते का, अन् कोणत्या बोटाले चुकते, ते मले लिही.

पार्बताबाई